एका पाठराखिणीला दोन नवऱ्या

ये गं मंजू, अशी माझ्याजवळ बस. परवा लग्न आहे, मेंदीचे हात सांभाळ, पण बस. आणि आता परत म्हण बरं, मघाशी स्वयंपाकघरात शांतीला काय म्हणालीस ते. "तुझ्या गुड्डीला माझ्याबरोबर पुण्याला धाड, पाठराखीण म्हणून." उचलली जीभ, लावली टाळ्याला! सगळ्या हसल्या. भांडी घासता घासता शांतीही हसली. पण हसताना तिचा हात थांबला, ते तू पाहिलं नाहीस. मी पाहिलं. पुण्याचं घर, पोटभर जेवण, पोरगी मार्गी लागली, हे सगळं तिच्या डोक्यात एका दमात येऊन गेलं. गुड्डी तेरा वर्षांची आहे. आठवीत आहे.

तू म्हणशील, आजी, मी तिला तिथल्या शाळेत घालीन. घालशीलही. तू वाईट नाहीस. या गोष्टीत वाईट म्हणावं असं कुणी चटकन सापडतच नाही, हीच तर तकलीफ आहे. म्हणून उठून गेले मी तिथून. रागावले नव्हते. मला शेवंती आठवली.

ऐक. मधे बोलू नकोस.

मी नोकरीला होते हेल्थ व्हिजिटर म्हणून, हे तुला माहीत आहे. पण हेल्थ व्हिजिटर म्हणजे काय, ते तुझ्या बापालाही नीट सांगता येणार नाही. नर्स नव्हे, डॉक्टर तर नव्हेच. घरोघर जायचं. बाळंतीण बघायची, तान्ह्याची बेंबी, डोळे, वजन बघायचं, देवीची लस टोचली का ते विचारायचं. डॉक्टर आजार बघतो, आम्ही घर बघायचो. माझं शिक्षण मराठी चौथी. नवरा लवकर गेला. तुझ्या आजोबांनी, म्हणजे माझ्या भावानं, घरात ठेवून घेतलं. पण वहिनीच्या हाताखाली जन्म काढायचा नाही असं मी ठरवलं आणि इथंच ग्वाल्हेरात, कंपू भागातल्या दवाखान्यात आयाबाई म्हणून लागले. इंग्रजी औषधांच्या बाटल्यांवरून शिकले, हिंदी पेशंटांच्या शिव्यांवरून. पुढे साहेब लोकांनी बघितलं की बाई हुशार आहे, तेव्हा गल्ल्यांच्या राउंडवर पाठवायला लागले.

या कामाचा एक नियम मला कुणी शिकवला नाही, मीच शिकले. घरात शिरल्यावर आधी बाळाकडे बघायचं नाही. बाळ दाखवायलाच ठेवलेलं असतं. आधी घरात कोण नाही, ते बघायचं.

दौलतगंजच्या मागच्या गल्लीत बळवंतराव म्हणून एक हवालदार राहायचे. महाराजांच्या पलटणीतले. संस्थान विलीन झालं, मध्यभारत म्हणून नवं राज्य झालं, आणि पलटणी मोडल्या. काही शिपाई हिंदुस्थानच्या फौजेत घेतले, बाकीच्यांना घरी धाडलं. छटणी म्हणायचे त्याला. बळवंतराव छटणीत गेले. तरी रोज सकाळी कोटाची पितळी बटणं राखेनं घासून, कोट घालून ओट्यावर बसायचे. जायचं कुठंच नसायचं. त्यांची बायको तुळसाबाई, तिला नुकतीच पाचवी खेप झालेली. थोरली शेवंती. चौदा वर्षांची, चुणचुणीत. मी गल्लीत शिरले की धावत यायची. "बाई, कोपऱ्यावरच्या घरात गोवर आलाय. बाई, तांबटाच्या सुनेला दिवस गेलेत, पण सांगत नाहीत." माझी अर्धी ड्यूटी तीच करायची.

त्या दिवशी गेले तर पाणी घेऊन धाकटी आली. नऊ वर्षांची. तांब्या दोन्ही हातांनी धरून.

"शेवंती कुठंय?"

तुळसाबाईचा चेहरा एकदम फुलला. "पाठराखीण गेलीय!"

आता पाठराखीण म्हणजे काय, ते तुम्हा आजकालच्या मुलींना फक्त थट्टेपुरतं माहीत. नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिची पाठ राखायला सोबत कुणीतरी जायचं. धाकटी बहीण, नाहीतर नात्यातली पोर, नाहीतर म्हातारी आत्या. चार दिवस तिथं राहायचं, नवरीला परकं वाटू द्यायचं नाही, आणि नवरी पहिल्या माहेरपणाला आली की तिच्याबरोबर परत यायचं. पाठराखिणीची ओटी भरायची, लुगडं द्यायचं. मान असतो तो. आणि आपल्या या लष्कर भागात मोठ्या घरच्या लेकीबरोबर शिपायांच्या घरची मुलगी जायची, तर शिपायाची मान ताठ व्हायची. मुलगी कामाला गेली असं कुणी म्हणत नाही. मुलगी मानानं गेली.

इथं एका जहागीरदारांचं घर होतं. नाव सांगत नाही, त्यांची नातवंडं भली आहेत. त्यांची मालू माघात झाशीला दिली. सोळा वर्षांची. तिच्याबरोबर शेवंती गेली होती.

"छान झालं," मी म्हणाले, बाळाची बेंबी बघितली आणि निघाले.

होळी झाली. पंचमी झाली. पाडवा झाला. एक दिवस पाटणकर बाजारात मी दोऱ्याची रिळं घ्यायला थांबले, तर शेजारच्या कासाराकडे मालू बसलेली. हात पुढे केलेला, हिरव्या बांगड्या चढत होत्या. बाजूला तिची आई. सगळे त्यांना वहिनीसाहेब म्हणायचे.

मी म्हटलं, "अगबाई, मालू माहेरी आली का? मग शेवंतीपण आली असेल!"

मालूनं वर बघितलं नाही. वहिनीसाहेबांनी माझ्याकडं अगदी प्रेमानं बघितलं.

"नाही हो नर्सबाई. ती रमली तिथं. मालूच्या सासूबाईंना तिचा फार लळा. आणि आता वैशाखात मालूच्या नणंदेचं लग्न आहे, जबलपूरला दिलीय. शेवंतीच जाईल तिच्याबरोबर पाठराखीण म्हणून. पोरीनं नशीब काढलं बघा!"

कासारानं बांगडी दाबली तशी मालू "स्स" म्हणाली. मी रिळं न घेताच परत फिरले.

चालता चालता मला सगळं दिसायला लागलं. जहागिऱ्या गेल्या होत्या. पूर्वी या घरांतून कुळांची माणसं राबायची, आता प्रत्येक नोकराला पगार मागता येत होता. मग बिनपगारी कोण राबेल? जिला नोकर म्हणताच येत नाही ती. पाठराखिणीला पगार कोण विचारतो? तिला सुट्टी कोण विचारतो? आणि झाशीवरून जबलपूर, तिथून आणखी एका नणंदेबरोबर आणखी कुठं. माझ्या डोळ्यांपुढं ती पोर गाडीच्या डब्यासारखी एका इंजिनापासून सुटून दुसऱ्याला जोडली जाताना दिसत होती. वैशाख लागायच्या आत ती परत आली नाही, तर पुढं तिचा पत्ताही लागणार नव्हता.

मी तशीच ठाण्यावर गेले. थानेदार भिंडकडचे, सज्जन माणूस. त्यांच्या बायकोचं बाळंतपण मीच केलेलं.

"बैठिए बहनजी. क्या लिखना है?"

सांगितलं.

"ये पाठराखीण क्या होती है? नौकरानी?"

"नाही. नौकरानी नहीं."

"तो दुल्हन की बहन?"

"बहन भी नहीं."

"कोई उठाके ले गया?"

"नहीं. माँ-बाप ने खुद भेजा. इज़्ज़त से."

त्यांनी टाक खाली ठेवला. "बहनजी, न नौकरानी, न बहन, न कोई उठाके ले गया. तो मैं लिखूँ क्या? आप कोई एक लफ़्ज़ बताइए, मैं अभी लिख दूँ." आणि मग हळूच, "माँ आके बोल दे कि नौकरी पे रखा और छोड़ते नहीं, तो मैं झाँसी को वायरलेस करवा दूँ. पर झाँसी यूपी में है. वहाँ मेरी नहीं चलती."

झाशी. सकाळच्या गाडीत बसलं तर दुपारचं जेवण तिथं. पण राज्य दुसरं.

तिथून आमच्या साहेबांकडे. साहेब मर्जरनंतर इंदूरहून आलेले. होळकरांच्या बाजूची आणि आपल्या बाजूची खाती एक केली तेव्हा एका खुर्चीला दोन दोन माणसं झाली होती. कोण वर, कोण खाली, त्याचा रोज तमाशा. साहेबांचा जीव त्या सीनियॉरिटीत अडकलेला.

"बाई, तुमच्या ग्वाल्हेरचे रीतिरिवाज आम्हाला काय माहीत?"

"साहेब, इंदुरात नवरीबरोबर कुणी जात नाही का?"

"जातं. परतही येतं." मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो. चष्मा काढून पुसायला लागले. "हे बघा, हे आपल्या खात्याचं काम नाही. तरी तुम्ही म्हणता तर मी वर लिहितो. पण सरकार पुढच्या आठवड्यात इंदूरला हलतंय."

तुला हे माहीत नसेल. मध्यभारताला दोन राजधान्या होत्या. थंडीत सरकार ग्वाल्हेरात, उन्हाळ्यात इंदुरात. फायलींच्या पेट्या आगगाडीत चढायच्या, मागून कारकून, त्यांच्या मागून कारकुनांच्या बायका आणि लोणच्याच्या बरण्या.

"मग परत कधी येणार सरकार?"

"थंडी पडली की."

"साहेब, पोरगी वैशाखात जबलपूरला जाईल."

"मग तुम्हीच काहीतरी बघा ना," म्हणाले. "रजा हवी तर घ्या. मी अडवत नाही." एवढं मात्र केलं त्यांनी. पुष्कळांनी तेही केलं नसतं.

मग मी गेले बळवंतरावांकडे. ओट्यावर होते, कोट घालून.

"हवालदारसाहेब, पोर परत आणा."

"कुठून?"

"झाशीहून. राबवून घेतायत तिला."

ते उठून उभे राहिले. "नर्सबाई, तोंड सांभाळा. आमच्यात मुली कामाला जात नाहीत."

"मग ती काय करतेय तिथं?"

"पाठराखीण आहे."

"नवरी तर इथं बाजारात बांगड्या भरतेय. पाठ कुणाची राखतेय ती?"

माणूस लढाईवर जाऊन आलेला, मंजू. ब्रह्मदेशात. बटणं चाचपत राहिला. मग म्हणाला, "माझ्या लेकीला नोकर म्हणून कागदावर लिहाल, तर या घरात परत पाऊल टाकू नका."

ही गोम होती बघ. कायद्याला ती मोलकरीण झाल्याशिवाय दिसत नव्हती, आणि बाप तिला मोलकरीण होऊ देत नव्हता. मोलकरणीसारखी राबली तरी चालेल, म्हणायचं नाही.

मी आत गेले. तुळसाबाई पीठ मळत होती. मी तिच्याजवळ खाली बसले.

"तुळसाबाई, पाठराखीण नवरीबरोबर परत येते की नाही?"

"येते की."

"मालू आली. तुमची आली?"

"ती पुढच्या लग्नाला जाणार आहे. मोठं घर आहे जबलपूरचं."

"एका पाठराखिणीला दोन नवऱ्या असतात का हो? कधी ऐकलंय तुम्ही?"

पीठ मळायचं थांबलं. मग ओट्याकडे एक नजर टाकून माझ्या कानाशी आली. "बाई, तिच्या वाटणीची पोळी आता धाकटीला मिळते. तुम्हाला सांगते. ह्यांना सांगू नका."

मी तिचा पिठाचा हात धरला. तो तिनं सोडवून घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाला पाठीशी बांधून ती स्टेशनवर माझ्या आधी हजर होती. नवऱ्याला सांगून आली होती, मालूच्या सासरी ओटी भरायला चाललेय.

नवरीला माहेरी आणायला जो जातो त्याला मुराळी म्हणतात. बहुधा भाऊ असतो. पाठराखिणीला आणायला मुराळी जायची रीत नाही, कारण ती जरूरच कधी पडत नाही. आम्ही दोघी पहिल्या.

पाडवा करून मालू आदल्या रात्रीच्याच गाडीनं सासरी परतलेली होती. झाशीचं घर चांगलं ऐसपैस, पुढं व्हरांडा. सासूबाईंनी आम्हाला व्हरांड्यात बसवलं, चहा दिला. चहा घेऊन शेवंती आली. मला आधी ओळखूच आली नाही. दोन महिन्यांत हाडं वर आली होती, हातावर चुलीचे चटके. आईला बघितलं. कप ठेवले आणि आत गेली. बाळाकडेसुद्धा बघितलं नाही तिनं, आणि त्यांच्या गल्लीत तीच बाळं खेळवायची.

मी म्हटलं, "आम्ही शेवंतीला न्यायला आलोय."

सासूबाई हसल्या. "कशाला? ती आंदणात आलीय."

आंदण म्हणजे लेकीच्या लग्नात जावयाच्या घरी पाठवतात ती चीजवस्तू. मी म्हटलं, "आंदणात कशी? पाठराखीण म्हणून आली."

"तुमच्याकडे तसं म्हणत असतील. आमच्याकडे आंदणात पलंग आला, पितळेची भांडी आली, ही आली. भांडी परत मागायला येतं का कुणी?"

हे काही त्या तोऱ्यात बोलल्या नाहीत हं. अगदी साधेपणानं, आपण कशी बाजारची गोष्ट सांगतो तशा. वहिनीसाहेबांनी त्यांना खरोखरच तसं सांगितलं असेल. एकाच पोरीला ग्वाल्हेरात एक शब्द, झाशीत दुसरा. आगगाडीत कुठंतरी शब्द बदलला.

तुळसाबाई बाळाला थोपटत होती. थोपटता थोपटता म्हणाली, "मी सोबतीला दिली होती." तेवढंच. परत म्हणाली, "मी सोबतीला दिली होती हो." तिसऱ्यांदा तिचा आवाज चढला. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या दोन बायका उभ्या राहून बघायला लागल्या. मराठीच होत्या. मग मीही लाज सोडली. व्हरांड्याच्या पायरीवर उभी राहिले आणि खड्या आवाजात म्हटलं, "बघा हो बायांनो! झाशीत लोकांच्या पोटच्या पोरीला आंदणात धरतात! दारात आलेल्या मुराळ्याला रिकामं धाडतात! वैशाखात यांच्याकडे कार्य आहे म्हणे. व्याही जबलपूरचे आहेत, त्यांच्याही कानावर जाऊ द्या!"

व्याह्यांचं नाव काढलं मात्र, सासूबाई उठल्या. "घेऊन जा, घेऊन जा. आम्हाला काय पोरींचा तोटा आहे?"

कायदा चालला नाही, मंजू. लाज चालली. ज्या लाजेपायी ती अडकली होती, तिलाच मी कामाला लावलं.

शेवंती तिचं बोचकं आणायला गेली, मी मागोमाग गेले. मागच्या सोप्यात मालू उभी होती. हिरव्या बांगड्या, जड पदर. माझा हात घट्ट धरला तिनं.

"नर्सबाई, हिला नेऊ नका ना. ही गेली की माझ्याशी बोलायला कुणी नाही इथं."

"आईला सांगितलंस का?"

"सांगितलं. आई म्हणाली, म्हणून तर पाठराखीण दिलीय."

सोळा वर्षांची. तिला न्यायला मला कुणी मुराळी केलेलं नव्हतं. ती रीतसर दिलेली होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि शेवंतीला घेऊन बाहेर पडले. शेवंतीनं वळून बघितलं. मालू पदर तोंडात धरून उभी होती. दोघींपैकी कोण कुणाची पाठ राखत होतं, मला आजही सांगता येणार नाही.

लुगडं दिलं नाही, ओटी भरली नाही. पोर आली तशी रिकाम्या हातानं निघाली.

गाडीत ती खिडकीशी बसली. दतिया मागं पडलं. मग एकदम म्हणाली, "बाई, जातं जागेवर ठेवायचं राहिलं."

तुळसाबाईनं विचारलं, "कुठलं गं?"

"स्वयंपाकघरातलं. मी तिथं निजायची ना. त्या दाराला आतून कडी नाही. मी रोज जातं ढकलून दाराला लावायची."

तुळसाबाई काही विचारणार होती. तिनं बाळ शेवंतीच्या मांडीवर दिलं आणि स्वतः पदरात तोंड घालून बसली.

दुसऱ्या दिवशी मी शेवंतीला सेंटरवर नेऊन तपासलं. एवढंच सांगते, जातं जड होतं. उपयोगी पडलं.

पण हे गल्लीला कोण सांगणार? आणि काय शब्दांत? गल्लीनं एवढंच पाहिलं की पाठराखीण नवरीशिवाय परत आली, आणि लुगड्याशिवाय आली. म्हणजे काढून दिली. म्हणजे पोरीनंच काहीतरी केलं असणार. ओट्यावर बसणारे बळवंतराव आता आत बसायला लागले. लेकीशी बोलणं बंद. मला म्हणाले, "नर्सबाई, तुम्ही आमची अब्रू झाशीच्या व्हरांड्यात मांडलीत."

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, या पोरीला दवाखान्यात शिकाऊ म्हणून घ्या, माझ्या हाताखाली. हुशार आहे. साहेब म्हणाले, वय बसत नाही, आणि आता मध्यभारतात हिंदी मिडल, म्हणजे आठवी, पास लागतं. शेवंतीची माझ्यासारखीच मराठी चौथी. मी चौथीवर आत शिरले ते संस्थानात. तिच्या वेळेला दार बदललं होतं.

ज्येष्ठात तिचं लग्न ठरलं. मुरैन्याचा बिजवर, वखारीवर मुनीम, बापाहून थोडाच लहान. काही न मागता करून घेतो म्हणाला. मी पुन्हा ठाण्यावर गेले. थानेदारांनी ऐकून घेतलं, पाणी पाजलं.

"बहनजी, उम्र?"

"चौदा."

"बाप पंद्रह बोलेगा. काग़ज़ है कोई?"

नव्हता. तेव्हा कुणाकडेच नसायचा, आणि कायद्याला मुलगी पंधराची असली की पुरे होतं.

"तो शादी है," ते म्हणाले. "ये लफ़्ज़ तो मुझे लिखना भी नहीं पड़ता."

साहेबांनी वर लिहिलेलं थंडीत सरकारबरोबर परत आलं. शेरा होता, या खात्याशी संबंध नाही. तोवर शेवंती मुरैन्याला जाऊन दिवाळी होऊन गेली होती. पुढं राज्यच बदललं, राजधानी भोपाळला गेली, साहेबांची सीनियॉरिटी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

आणि मालू? ती पुष्कळ वर्षांनी भेटली मला, इथंच, एका हळदीकुंकवाला. अंगानं भरलेली, कपाळभर कुंकू, हसरी. मला बाजूला घेऊन म्हणाली, "नर्सबाई, माझ्या सुमीचं लग्न ठरलंय. तिच्याबरोबर धाडायला एखादी चांगल्या घरची पोर बघून द्या ना." ती विसरली होती, की आठवत होतं म्हणूनच मागत होती? विचारलं नाही. वाटीतला तिळगूळ खाल्ला नाही एवढंच.

यातून मी काय शिकले म्हणशील, तर फार मोठं काही नाही. कुणी पोरीच्या कामाला गोड नाव दिलं की विचारावं, परत कधी येणार? उत्तर आलं नाही, तर ते नाव खोटं. बाकी कायदे आता पुष्कळ झालेत. पण शब्दही पुष्कळ आहेत. मुलीसारखी ठेवतो म्हणतात, घरातलीच आहे म्हणतात, शिकायला आणलीय म्हणतात. पाठराखीण म्हणतात.

अगं, हे सांगायचं राहिलंच की. शेवंतीच्या लग्नाला मी गेले होते. कुणी बोलावलं नव्हतं, गेले. पाठवणीची वेळ झाली. बैलगाडी दारात. तेवढ्यात चुलत चुलती म्हणाली, "पाठराखीण कोण जातेय?" सगळ्यांनी धाकटीकडे बघितलं. नऊ वर्षांची, नवं परकर-पोलकं घातलेली. तिला तर जायची हौसच. गाडीत चढायला पुढंसुद्धा झाली.

शेवंती आईपुढं रडली नव्हती, बापापुढं रडली नव्हती, बोहल्यावर मान वर केली नव्हती. तिनं मान वर केली. धाकटीचा हात धरून तिला गाडीपासून लांब केलं, आणला माझ्याजवळ तो हात, आणि माझ्या हातात दिला.

"कुणी नाही येणार," म्हणाली. "मी एकटी जाईन."

चढली आणि गेली.

ती धाकटी पुढं माझ्याकडे यायची अभ्यासाला. हिंदी मिडल करवून घेतलं मी तिच्याकडून. नोकरीला लागली. ते असो.

तर आता ऊठ. हात धू, मेंदी रंगली असेल. आणि आत जाऊन शांतीला सांग, मी गंमत केली म्हणून. सगळ्यांसमोर सांग, जसं सगळ्यांसमोर म्हणालीस तसं. गुड्डी इथंच राहील, संध्याकाळी माझ्याजवळ बसून गणितं करील. पुण्याला तू एकटी जा. नोकरी करतेस, भाड्यानं घर घेतेस, तुला पाठ राखायला परक्याची पोर कशाला?

आणि लवकर ये गं. पहिली होळी माहेरीच कर. कुणी मुराळी येईल, निरोप येईल, म्हणून वाट बघत बसू नकोस. मन झालं की गाडीत बस आणि ये. दार गुड्डी उघडेल.